हैबतरावांचा भस्म्या

त्या वर्षी चातुर्मास आटोपल्यावर श्रीकेवळनाथ महाराज बालाघाटच्या डोंगराकडेने चालत चालत आंबेसावंगी या गावी आले. गाव लहान, शे-सव्वाशे उंबऱ्यांचे. गावाखालून एक ओढा वाहतो आणि ओढ्याच्या काठी सिद्धेश्वराचे जुने देऊळ आहे. देवळाची ओवरी पाहून महाराज म्हणाले, "इथे वारा मोकळा आहे, पाणी जवळ आहे. काही दिवस इथेच राहू." महाराजांचे 'काही दिवस' म्हणजे किती, हे त्यांच्याबरोबर फिरणाऱ्यांनाही कधी कळत नसे. आंबेसावंगीत ते पुढे चैत्रापर्यंत राहिले, आणि त्या मुक्कामात जे घडले ते त्या गावची माणसे आजही हात जोडून सांगतात.

महाराज प्रवचन असे कधी करीत नसत. पहाटे ओढ्यावर स्नान, दुपारी पाच घरची माधुकरी, आणि दिवस कलला की ओवरीच्या पायरीवर बसणे. कुणी काही विचारले तर एखाद्या वाक्यात उत्तर द्यावे, नाही विचारले तर सर्वांबरोबर ओढ्याकडे पाहत राहावे. लोक म्हणत, महाराजांजवळ नुसते बसले तरी दिवसभराचा शीण उतरतो.

गावात म्हाळसा नावाची एक बाई होती. तिचा नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हते. लोकांची दळणे दळावीत, त्याबद्दल मिळेल त्या पिठाची भाकरी थापावी, एवढाच तिचा संसार. एके दुपारी महाराज माधुकरीला तिच्या दारात उभे राहिले. घरात एकच भाकरी होती आणि तिची अर्धी म्हाळसेने नुकतीच खाल्ली होती. उष्टी भाकरी साधूला कशी वाढावी? बिचारी दाराच्या चौकटीला धरून रडू लागली.

महाराज म्हणाले, "माय, यात रडण्यासारखे काय आहे? उद्यापासून एक कर. भाकरी झाली की आधी तिचे चार भाग कर. त्यातला एक चतकोर येणाऱ्यासाठी झाकून ठेव, आणि मग उरलेली खुशाल खा."

"आन् कुणी आलंच न्हाई तर, महाराज?"

"येईल गं. कुत्रे येईल, कावळा येईल, नाहीतर मीच येईन."

म्हाळसेने ते वाक्य मनात धरून ठेवले. त्या दिवसापासून घरात एक भाकरी असो की दोन, पहिला चतकोर दुरडीत फडक्याखाली जाऊ लागला. कधी वाट चुकलेला वाटसरू येई, कधी शेजारची म्हातारी येई, कुणीच न आले तर दिवस मावळता मावळता म्हाळसा तो चतकोर ओढ्याकाठच्या पाखरांना कुस्करून घाली. आधीच थोडे, त्यातूनही काढून ठेवायचे. पण नवल असे की तेव्हापासून आपण अर्धपोटी आहोत असे तिला एकदाही वाटले नाही. चतकोराचे गावाला कळले होते, पण हे ती कुणाला सांगत नसे. सांगण्यासारखे त्यात काही आहे, हेच तिला ठाऊक नव्हते.

त्याच गावात हैबतराव देशमुख राहत. घर मोठे, जमीन चांगली, अंगणात दोन पेवे ज्वारीने भरलेली. जमिनीत खोल खणून धान्य साठवायच्या त्या पेवांवर सारे घर निर्धास्त असे. हैबतराव मनाने दुष्ट होते असे मुळीच नाही. पण त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता, आणि ती गोष्ट म्हणजे त्यांचे खाणे. पुरणपोळ्या बसल्या बैठकीला तीस. आमरसाच्या दिवसांत त्यांच्या पानाशेजारी वाटी नव्हे, घागर ठेवावी लागे. परगावचे पाहुणे केवळ त्यांचे जेवण पाहायला येत. पानाभोवती चार-पाच खुशमस्करे बसलेले असायचेच. हैबतरावांनी विसावी पोळी उचलली की ते म्हणत, "वा मालक! असं पोट पाहायला भाग्य लागतं!" मग भूक असो नसो, एकविसावी पोळी पानात पडे.

त्यांच्या पत्नी मथुराबाई कधी कधी म्हणायच्या, "अहो, पुरे आता. अति तिथे माती."

यावर हैबतराव मिशीवरून हात फिरवून म्हणत, "माती गरिबाच्या नशिबी. आपलं म्हणजे, खाईन तर तुपाशी!"

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. देवळापुढे गावजेवण होते. बाजरीचे रोडगे आणि वांग्याचे भरीत असा नेहमीचा बेत. पहिल्या पंगतीला हैबतराव बसले आणि कुणीतरी पैज लावली. झाले! रोडग्यामागून रोडगा येत राहिला, लोक मोजत राहिले, आरडाओरडा करीत राहिले. शेवटची पंगत बसली ती दळण-कांडण करणाऱ्या, शेण-सारवण करणाऱ्या बायांची. त्यांच्या पत्रावळ्या मांडल्या गेल्या तेव्हा भरताच्या पातेल्याला नुसते खरवडायचे राहिले होते आणि टोपलीत दोनच रोडगे होते. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हाळसेने उठून ते दोन्ही रोडगे घेतले, त्यांचे बारीक तुकडे केले आणि एकेकीच्या पत्रावळीवर ठेवीत गेली. स्वतःच्या पत्रावळीपर्यंत पोचली तेव्हा हाताला नुसता भुगा लागला होता. तोच तिने कपाळाला लावून तोंडात टाकला.

महाराज ओवरीतून पाहत होते. ते शांतपणे म्हणाले, "आज खंडोबा कुठे जेवला, ते आम्ही पाहिले."

हैबतरावांना ते वाक्य झोंबले. ते मोठ्याने हसून म्हणाले, "महाराज, या म्हाळसेचं फारच कौतुक चाललंय तुमचं! भाकरीचे तुकडे मोडून ठेवायला काय लागतं? पोटात जागा नाही म्हणून ठेवते. खाणं येरागबाळ्याचं काम नव्हे! उद्या दुपारी मीच जातो हिच्याकडे जेवायला. येणाऱ्याला जेवू घालते ना? बघू या, किती घालते ते!"

खुशमस्करे खदखदून हसले. म्हाळसा मात्र पदर सावरून खाली मान घालून म्हणाली, "या मालक. माझं भाग्य."

दुसऱ्या दिवशी खरोखरच हैबतराव दोन सोबत्यांना घेऊन तिच्या झोपडीत आले. म्हाळसेने घर सारवून ठेवले होते. शेजारून मूठभर डाळ आणून तिने वरण केले होते. घरात होते नव्हते तेवढे पीठ काढून तीन भाकरी थापल्या होत्या. तिने हैबतरावांपुढे पान मांडले आणि जवळ बसून वारा घालू लागली. पहिली भाकरी गेली, दुसरी गेली. तिसरी, चतकोर आधीच काढून ठेवलेली, तिने पानात वाढली, तीही गेली. हैबतराव मग दुरडीतल्या फडक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते काय लपवलंय?"

"लपवलं न्हाई, मालक. तो येणाऱ्याचा चतकोर हाय. तेवढा राहू द्या."

"अगं, मग मी आलोच आहे की!" असे म्हणून हैबतरावांनी स्वतः हात घालून तो चतकोर उचलला आणि दोन घासांत संपवला.

म्हाळसेने हात धुवायला पाणी दिले. मग फार संकोचून तिने विचारले, "मालक, पोट भरलं का?"

"पोट?" हैबतराव सोबत्यांकडे पाहून डोळा मिचकावीत म्हणाले, "दातांच्या फटी भरल्या!"

ते निघून गेले. म्हाळसा ओवरीवर आली आणि महाराजांच्या पायाशी बसून रडू लागली. महाराजांनी विचारले, "माय, भूक लागली आहे का?"

"भुकेचं काय, महाराज! दारी आलेला मानूस उपाशी उठला. माझ्या हातचं खाऊन त्याला तृप्ती झाली न्हाई. माझंच काय तरी चुकलं असल."

महाराजांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. ते हळूच म्हणाले, "तुझे काही चुकले नाही. पण आजपासून तू त्याच्यासाठी देवाला आळवत जा. त्याला त्याची गरज पडेल."

काय ही संतांची करुणा! ज्याने थट्टा केली, त्याच्यासाठीच प्रार्थना करायला सांगितली.

त्याच दिवशी सायंकाळी हैबतराव नेहमीसारखे जेवले आणि पानावरून उठताना त्यांच्या लक्षात आले की आपल्याला भूक आहे. लाडाची, हौसेची भूक नव्हे. पोटाच्या तळाशी चूल पेटावी तशी. ते पुन्हा बसले, पुन्हा जेवले. उठले, तरी चूल पेटलेलीच. जेवणानंतर येणारी मोठी ढेकर हे त्यांचे वैशिष्ट्य. ती ओसरीवर ऐकू आली की नोकरांनी समजायचे, मालकांचे झाले. त्या दिवशी ढेकर आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी आली नाही.

पौष गेला, माघ गेला. हैबतराव खात होते आणि भुकेलेले होते. गंमत अशी की आता त्यांना कशाचीच चव लागत नसे. तूप आणि ताक सारखेच, पुरण आणि पेंड सारखीच. जितके खावे तितके शरीर मात्र वाळत चालले. गाल बसले, अंगरखा खांद्यावरून लोंबू लागला. परगावाहून बोलावलेल्या वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मथुराबाईंना बाजूला घेऊन सांगितले, "हा भस्म्या आहे. आत पडेल त्याचे भस्म होते, अंगी काही लागत नाही. मी चूर्ण देतो, पण फार आशा ठेवू नका."

चूर्णही भस्म झाले. माघ संपता संपता एक पेव रिकामे झाले, फाल्गुनात दुसऱ्याचा तळ दिसू लागला. गड्यांच्या भाकरी आखडल्या, मग गडी आखडले. आणि ते खुशमस्करे? आधी आधी ते येऊन बसत. पण हैबतरावांचे डोळे आता पानावरून हटत नसत, दोन्ही हातांनी खाणे चाले आणि कुणी बोलले तर ते ऐकू जात नसे. ते पाहून त्यांना 'वा मालक' म्हणवेना. एकेक करून ते यायचे थांबले.

फाल्गुनातच हैबतरावांच्या सूनबाई, गजराबाई, बाळंत झाल्या. आई नसल्यामुळे त्यांना माहेरी जाता आले नव्हते. मुलगा झाला. घराण्यातला पहिला नातू! मथुराबाईंनी शेजारणींकडून जमवाजमव करून डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, आणि ते सारे बाळंतिणीच्या खोलीत, उतरंडीच्या मडक्यांत दडवून ठेवले. इतर कुठे ठेवायची सोयच नव्हती.

बारसे झाले आणि त्यानंतर बाळ किरकिरू लागले. पाजायला घेतले की दोन क्षण ओढी आणि तोंड फिरवून रडे. गजराबाईंचे दूध आटले होते. शेळीचे दूध बोळ्याने पाजले तर ते बाळ ओकून टाकी. आठ दिवसांत त्याचे रडणे इतके बारीक झाले की शेजारच्या खोलीत ऐकू येईना. मथुराबाईंना कळेना: खायला-प्यायला एवढे देते, मग सुनेच्या अंगी का लागत नाही?

एके सकाळी त्या अचानक खोलीत आल्या आणि दारातच थबकल्या. हैबतराव, ज्यांनी सुनेच्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, ते खाली बसून तिच्या ताटातली खीर खात होते. गजराबाई डोक्यावरून पदर ओढून भिंतीला टेकल्या होत्या. त्यांनी दुधाचा पेलाही सासऱ्यांपुढे सरकवला. आठ दिवस हेच चालले होते. सासऱ्यांची भूक पाहून त्या पोरीला दया येई, आणि सांगायचे कुणाला, म्हणून ती गप्प राही.

मथुराबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी बाळाला पाळण्यातून उचलले, नवऱ्यासमोर आणले आणि म्हणाल्या, "पेवं खाल्लीत, मी काही बोलले नाही. गड्यांचं खाल्लंत, नाही बोलले. आज नातवाच्या तोंडातलं खाल्लंत. आता याला उचलून घ्या एकदा. किती वजन राहिलंय ते बघा."

हैबतरावांनी हात पुढे केले. बाळ त्यांच्या तळहातांवर ठेवले गेले. ते पिसासारखे हलके होते. हैबतरावांनी त्याच्याकडे पाहिले मात्र, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच त्यांच्या हातून घास खाली पडला. बाळाला त्याच्या आईजवळ देऊन ते तसेच उठले, पागोटे न घालता, अनवाणी, आणि ओढ्याच्या वाटेला लागले.

महाराज ओवरीत बसले होते. हैबतराव पायरीखालीच उभे राहिले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "महाराज, मी त्या बाईची थट्टा केली म्हणून तुम्ही मला शाप दिलात. माझं काय व्हायचं ते होऊ द्या. पण पोराचा काय अपराध? त्याच्यापुरता तरी तो मागे घ्या."

"हैबतराव, वर या, बसा," महाराज म्हणाले. "शाप द्यायला राग यावा लागतो. आम्हांला तुमचा राग कधीच आला नाही."

"मग ही आग कसली लागलीय माझ्या पोटात?"

महाराज म्हणाले, "भूक देवाचा निरोप घेऊन येते. ती दारात येऊन सांगते, 'आता खा.' आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन सांगते, 'आता पुरे.' पहिला निरोप तुम्ही नेहमी ऐकलात. दुसरा घेऊन ती आली की तुम्ही चार लोकांच्या देखत तिला हसून घालवून दिलेत. एक दिवस नव्हे, वीस वर्षे. कुणी किती वेळा अपमान करून घ्यावा? आता ती दुसरा निरोप घेऊन यायचीच बंद झाली. एवढेच झाले आहे."

हैबतराव खाली बसले. पोटात आग भडकत होती. तरी त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. "तिला परत कसं बोलवू?"

"शेवटचे जिथून हाकलले, तिथे जाऊन बसा. म्हाळसेकडे. ती वाढेल ते खा. मात्र प्रत्येक घास तोंडाशी नेलात की थांबा, मान वर करा आणि समोर पाहा. मग खावासा वाटला तर खा."

"एवढंच?"

"एवढेच. पण तुम्ही ते जन्मात कधी केलेले नाही." असे म्हणून महाराजांनी डोळे मिटले आणि उजवा हात हैबतरावांच्या उघड्या डोक्यावर ठेवला. तो हात हैबतरावांना ओढ्याच्या पाण्यासारखा गार लागला.

दुपारची वेळ होती. म्हाळसेने नुकतीच भाकरी भाजून चतकोर झाकून ठेवला होता आणि ती जेवायला बसणार, तोच दारात हैबतराव दिसले. अनवाणी, बोडके, गाल बसलेले. तिने क्षणभर त्यांना ओळखलेच नाही. ओळखले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "या मालक, बसा," असे म्हणून तिने स्वतःपुढची थाळी उचलून त्यांच्यापुढे ठेवली. तीत तीन चतकोर भाकरी, थोडी लसणाची चटणी. ती वारा घालायला बसली.

हैबतरावांनी घास मोडला. तोंडाशी नेला. तोंडाला पाणी सुटले होते. मोठ्या कष्टाने ते थांबले आणि त्यांनी मान वर केली. समोर म्हाळसा होती. तिचे ओठ सुकले होते, हातांना जात्याच्या खुंट्याने घट्टे पडले होते. आपण जेवतो आहोत ते हिचे जेवण आहे आणि ही उपाशी आहे, हे त्यांना दिसले. पहिल्या खेपेस ते याच जागी बसून तीन भाकरी जेवले होते, आणि तेव्हा ती समोर आहे हेही त्यांना दिसले नव्हते!

त्यांनी तो घास खाली ठेवला. पोटातून कळ आली. त्यांनी पुन्हा घास उचलला, पुन्हा मान वर केली. आणि काय नवल सांगावे! म्हाळसेच्या जागी त्यांना चंपाषष्ठीची शेवटची पंगत दिसली. ओळीने बसलेल्या बाया, समोर कोऱ्या पत्रावळ्या, आणि सगळ्यांची नजर त्यांच्या हातातल्या घासावर. हैबतरावांनी डोळे पुसले. तिसऱ्यांदा घास उचलला. या वेळी समोर पदराआड भिंतीला टेकलेली गजरा होती, तिच्या मांडीवर बाळ होते, आणि बाळाचे तोंड पाखराच्या पिलासारखे उघडलेले होते. पेला पुढे सरकवणारा तो हातही त्यांना दिसला.

घास ताटात पडला. हैबतरावांनी थाळी दोन्ही हातांनी म्हाळसेकडे ढकलली.

"म्हाळसाताई, हे तू खा."

"मालक, असं कसं? दारी आलेला उपाशी आन् मी..."

"तू खाल्ल्याशिवाय माझ्या घशाखाली काही उतरायचं नाही. आधी तू खा. मी बघत बसतो."

म्हाळसेला काय करावे सुचेना. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने घास घेतला. एकेक घास घेत ती जेवत होती आणि हैबतराव पाहत होते. पोटातली आग कमी झाली नव्हती. उलट भाकरीच्या वासाने ती अधिकच भडकली. एकदा तर त्यांचा हात आपोआप थाळीकडे गेला. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून मागे आणला. घामाने अंगरखा भिजला. तरी त्यांनी नजर हलवली नाही. भुकेले माणूस जेवते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काय उमटते, हे ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

म्हाळसेची थाळी रिकामी झाली. ती पाणी प्यायली, मग तिने दुरडीवरचे फडके काढले आणि चतकोर त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या दादा," ती म्हणाली. "तुमचाच हाय."

हैबतरावांनी त्या चतकोराचे बारीक घास केले. प्रत्येक घासाला मान वर केली. समोर म्हाळसा पोट भरल्याच्या समाधानाने बसली होती. पहिल्या घासाला त्यांना चव लागली. ज्वारीची गोड, खरपूस चव, महिनोन् महिने हरवलेली. दुसऱ्या घासाला पोटातली आग मंदावली. जो माणूस दिवसाकाठी पायलीभर धान्य संपवीत होता, त्याला चौथा घास जरा जड वाटला. पाचवा त्यांनी सावकाश चावला, आणि सहावा तोंडाशी नेताना त्यांच्या पोटातून कुणीतरी अगदी हळू आवाजात म्हटले, 'पुरे.'

त्यांनी तो घास खाली ठेवला. आणि मग त्यांना ढेकर आली. मोठी, खोल, समाधानाची ढेकर! तिचा आवाज झोपडीबाहेर गेला. शेजारची माणसे दारात डोकावली तर देशमुख जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडत होते आणि म्हाळसा त्यांना पदराने वारा घालीत होती.

इतक्यात वाड्यावरची मोलकरीण धावत आली. तिला धाप लागली होती. "मालक! मालक, घरी चला! सूनबाईंना पान्हा फुटला! खोलीतलं ताट आज त्यांनाच मिळालं, पर घास दोनच खाल्ले असतील, तोवर अंगावरची चोळी भिजली! बाळ पोटभर प्यालं आन् झोपलं!"

हैबतराव उठले. पण ते आधी घरी गेले नाहीत. म्हाळसेला पुढे घालून ते ओवरीपाशी आले. वाटेत गाव मागोमाग गोळा झाला होता. महाराजांसमोर येताच त्यांनी पायरीवर मस्तक ठेवले आणि म्हणाले, "महाराज, मी सारा जन्म खात आलो, पण जेवलो मात्र आजच!"

महाराज हसले. "हैबतराव, तुम्हांला जेवू आम्ही घातले नाही. आमच्या पायांवर कशाला डोके ठेवता? जिने इतके दिवस तुमच्यासाठी देवापाशी पदर पसरला, ती तुमच्या शेजारी उभी आहे."

हैबतराव वळले. ज्या बाईची त्यांनी भर गावजेवणात थट्टा केली होती, तिच्यापुढे सगळ्या गावादेखत ते गुडघे टेकून वाकले. म्हाळसा गडबडून मागे सरू लागली. "दादा, असं नका करू, मला पाप लागंल!" पण महाराज म्हणाले, "राहू दे, माय. त्यांना आज ओझे उतरवायचे आहे."

थोड्या वेळाने डोळे पुसून हैबतरावांनी विचारले, "महाराज, आता मी प्रायश्चित्त काय घेऊ?"

"घरी जा आणि सूनबाईंसाठी स्वतःच्या हातांनी खीर करा."

"मला चूल पेटवता येत नाही, महाराज. मी फक्त..."

"शिका. मथुराबाई शिकवतील."

लोक हसले. आणि हैबतरावही रडता रडता हसले.

त्या दिवशी ऊन कलल्यावर देशमुखांच्या स्वयंपाकघरात मोठा धूर झाला. खीर बुडाला लागली, गूळ जास्त झाला. मथुराबाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या आणि हैबतराव ढवळत होते. खीर झाल्यावर त्यांनी ती वाटीत ओतली, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत नेली आणि आत न जाता मथुराबाईंच्या हाती दिली. मग ते दाराबाहेरच थांबले. आत चमच्याचा आवाज होत होता. तो थांबेपर्यंत ते उभे राहिले.

मथुराबाई रिकामी वाटी घेऊन बाहेर आल्या. "सगळी खाल्ली तिनं," त्या म्हणाल्या. "करपल्याचं बोलली नाही."

हैबतरावांनी ती वाटी हातात घेतली. मग ते हळूच खाली वाकले आणि सुनेच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्यांनी कपाळ टेकले. आत बाळ पोटभर पिऊन झोपले होते.